दोन दिवसांचे तंजावर : यात्रेपूर्वी थोडा इतिहास

सुटीत दक्षिणयात्रेचा बेत आखणारी कुटुंबे आपल्या समाजात थोडीथोडकी नाहीत. मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी ही स्थळे ठरलेली. वाटेत वेळ उरलाच तर तंजावर, असा बहुधा क्रम असतो. बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे, नंदीपुढे छायाचित्र काढावे आणि तासाभरात पुन्हा मोटारीत बसावे! आमचे मत थोडे निराळे आहे. पदरी दोनच दिवस असतील तर ते या एका परिसरासच द्यावेत. कारण येथील मंदिर पाहण्याइतकेच वाचण्याचेही आहे.

राजराज चोळ इ. स. ९८५ ते १०१४ पर्यंत राज्य करीत होता. आपल्या कारकीर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, इ. स. १०१० मध्ये, त्याने विमानाच्या माथ्यासाठी सुवर्णाने मढविलेला तांब्याचा कलश अर्पण केला. हे विमान सुमारे २१६ फूट उंच असून ग्रॅनाइटचे आहे. त्याची छाया भूमीवर पडत नाही, असे तेथे हटकून सांगितले जाते. कलत्या उन्हात मुलांना अंगणात उभे करून ती छाया त्यांना खुशाल दाखवावी. नंदीही राजराजाचा नव्हे. तो पुढे नायक राजांच्या काळी आला. असो.

खरे वैभव भिंतींवर आहे. आम्ही, आमच्या वडील भगिनीने, आमच्या राण्यांनी आणि इतरांनी जे जे दिले ते दगडावर कोरावे, अशी राजाज्ञा झाली आणि तमिळ अक्षरांत मंदिराची वहीच उघडली गेली. दागिन्यांचे वजन, दिव्यांच्या तुपासाठी दिलेली जनावरे, गावोगावचा वसूल असे सारे तेथे आहे. त्याहून विलक्षण म्हणजे अन्य देवालयांतून आणविलेल्या ४०० नर्तकींची यादी. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवालयातून आली, येथे कोणत्या ओळीत कितवे घर तिला मिळाले, हे सर्व लिहिले असून वर्षास शंभर कलम भात (कलम हे तत्कालीन धान्याचे माप) असा प्रत्येकीचा वाटा ठरविला आहे. पुढे वादक, शिंपी, न्हावी, परीट, कुंभार, सुतार, ज्योतिषी येतात. कोणी मरण पावल्यास वा गाव सोडून गेल्यास जवळच्या नातलगाने ते काम करून वाटा घ्यावा. तो लायक नसेल तर लायक मनुष्य निवडावा, असाही नियम आहे. त्या स्त्रियांना विचारून आणले की केवळ हुकमाने, हे मात्र भिंत सांगत नाही.

याच मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्येस, आपल्या ओळखीची अक्षरे भेटतात. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. त्यांचे वंशज दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत येथे कोरविले. जगातील प्रदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी प्रवासी त्यापुढे अभिमानाने उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच्या चारच वर्षे आधी काय घडले होते, हे ध्यानी घ्यावे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. किल्ला आणि मान एवढेच सरफोजींकडे उरले होते. सत्ता गेलेल्या राजाने आपले घराणे दगडाच्या स्वाधीन केले. सत्तेच्या शिखरावर असलेल्या राजाने परिटाचा वाटा कोरून ठेवला. दोन्ही लेख एकाच आवारात आहेत, आणि ते एका दिवशी पाहावयास मिळावेत हे आमच्या मते या यात्रेचे खरे फळ होय. आपल्या समाजाच्या वार्षिक अंकांतूनही कुलवृत्तान्त आणि देणगीदारांच्या याद्या हौसेने छापल्या जातात. पंगती वाढणाऱ्यांची नावे त्यांत क्वचितच आढळतात.

सरफोजींविषयी एवढेच सांगून थांबलो तर मात्र अन्याय होईल. राज्यकारभार नसलेल्या या राजाने ग्रंथसंग्रहास आयुष्य वाहिले. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांसमवेत मराठी पोथ्या आणि मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. संस्थान १८५५ मध्ये खालसा झाले, पण पोथ्या राहिल्या.

आता बेताविषयी. ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे पावसाचे दिवस; जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मंदिरात अनवाणी फिरावयाचे असते आणि दुपारी दगड तापतो, म्हणून वृद्धांना व मुलांना सकाळीच न्यावे. त्या तिरप्या उन्हात अक्षरेही स्पष्ट उमटतात. दुपारी मंदिर बंद असते, तेव्हा राजवाडा व ग्रंथालयाचे प्रदर्शन पाहावे. ग्रंथालयाचा सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. सायंकाळी पुन्हा मंदिरात यावे. दुसरा दिवस कुंभकोणमकडे, सुमारे ४० किलोमीटर. त्याच्या शेजारचे दारासुरम् लहान पण नाजूक कोरीव कामाचे. तेथून पुढे राजराजाच्या पुत्राने, राजेंद्राने, वसविलेले गंगैकोंडचोळपुरम्. एके काळी चोळांची राजधानी असलेल्या त्या नगरीचे आज मंदिर तेवढे भक्कम उभे आहे.