मोटारगाडीच्या डायनॅमोचा अतिताप

मोटारगाडीच्या डायनॅमोचा अतिताप म्हणजे जुन्या गाड्यांतील एकदिश विद्युत जनित्र नेहमीच्या कार्यतापमानापलीकडे तापणे. अल्टरनेटर रूढ होण्यापूर्वी विलिस जीप, मॉरिस मायनर इत्यादी गाड्यांत बॅटरी प्रभारित करण्याचे काम डायनॅमो करीत असे. अतिताप हे बहुधा अन्य दोषाचे लक्षण असते. मूळ कारण न शोधता डायनॅमो बदलल्यास नवी गुंडाळीही जळू शकते.

पार्श्वभूमी

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र अँड महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे खडतर रस्त्यांवरील वाहन म्हणून जीप देशभर प्रचलित झाली. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत अशा जुन्या गाड्यांच्या डायनॅमोवर अधिक ताण पडतो. चंद्रपूरचे उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. जंगलातील वाटांवर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवताना इंजिनाभोवतीची हवा तापते आणि डायनॅमोचा पंखा तीच हवा आत ओढतो.

कारणे

* बॅटरी पूर्ण उतरलेली किंवा आतून सदोष असल्याने दीर्घकाळ कमाल प्रवाह द्यावा लागणे.
* रेग्युलेटरचे संपर्कबिंदू चिकटल्याने निर्मितीवर नियंत्रण न राहणे.
* कट-आउट बंद स्थितीत अडकणे. इंजिन थांबल्यावरही बॅटरीतील प्रवाह उलट डायनॅमोत वाहतो. अशा वेळी बॅटरीची जोडणी तत्काळ काढावी लागते.
* पट्टा अति ताणलेला असणे, बेअरिंग कोरडे पडणे किंवा पट्टा घसरणे.
* आर्मेचरची गुंडाळी आतल्या आत जोडली जाणे, कम्युटेटर झिजणे किंवा कार्बन ब्रश अडकणे.

निदान

प्रथम उष्णतेची जागा पाहतात. पुलीकडील टोक अधिक तापल्यास पट्टा व बेअरिंग, तर कम्युटेटरकडील टोक तापल्यास ब्रश तपासतात. पट्टा काढून आर्मेचर हाताने फिरवल्यास बेअरिंगचा अडथळा कळतो. जळका वास किंवा आवरणाच्या आत उडालेले डाखाचे थेंब ही आर्मेचर अति तापल्याची खूण होय.

लुकास बनावटीच्या १२ व्होल्टच्या डायनॅमोच्या चाचणीत ‘डी’ व ‘एफ’ या अग्रांवरील तारा काढून दोन्ही अग्रे एकमेकांस जोडतात. व्होल्टमापक ही अग्रे व गाडीचा सांगाडा यांदरम्यान लावून इंजिनाची गती मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्यांपर्यंत हळूहळू वाढवतात. दाब सलग वाढला पाहिजे. तो २० व्होल्टपलीकडे जाऊ देत नाहीत. दाब शून्य असल्यास ब्रश, अर्धा ते एक व्होल्ट असल्यास क्षेत्र-गुंडाळी आणि चार ते पाच व्होल्टवर थांबल्यास आर्मेचर सदोष असण्याचा संभव असतो. जीपच्या ६ व्होल्टच्या डायनॅमोला ही जोडणी व हे आकडे लागू नाहीत.

डायनॅमो निर्दोष आढळल्यास दोष रेग्युलेटर, कट-आउट, तारा किंवा बॅटरी यांत शोधावा लागतो.