नगरच्या किल्ल्यातले छत्रपती

१/ कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे राजर्षी शाहूंचे जन्मस्थळ. २६ जून १८७४ रोजी तेथे जन्मलेले यशवंतराव घाटगे वयाच्या दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. ही गादी रिकामी कशी झाली, याचे उत्तर नगरच्या किल्ल्यात सापडते.

२/ १८७० मध्ये राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचे होते. राज्यकारभारावर ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख होती.

३/ पुढे महाराजांना वेड लागल्याचे सरकारने ठरवले. त्यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यास पोहोचल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर प्रखर टीका केली.

४/ बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आरोपांना आधार असलेली पत्रे बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

५/ संपादक सुटले. महाराज सुटले नाहीत. त्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस.

६/ ‘महाराज खरोखर वेडे होते का?’ हा वाद आजही रंगतो. परंतु या प्रश्नातच एक गृहीतक दडले आहे : ते वेडे असते, तर हे सारे क्षम्य ठरले असते. वस्तुतः आजारी माणसाला उपचार हवे असतात. किल्ला आणि पहारेकरी नव्हेत. आजारामुळे त्याचे माणूसपण उणावत नाही.

७/ हे तत्त्व कायद्यात स्पष्टपणे येण्यास फार काळ लागला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ मध्ये लागू झाला. राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे तो सांगतो. उपचाराचा हक्क आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षणही तो देतो. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई करतो.

८/ १७ मार्च १८८४ रोजी यशवंतराव ‘शाहू छत्रपती’ झाले. बावड्यातील जन्मस्थळ पाहताना त्यांच्याआधीच्या वीस वर्षांच्या छत्रपतींचेही स्मरण असावे.