इटलीतील रग्बी

खेळ फर्मानाने निर्माण करता येतो. लोकांत रुजविता येत नाही. इटलीत रग्बीचा महासंघ १९२८ साली स्थापन झाला. त्याच सुमारास फॅसिस्ट पक्षाचे चिटणीस ऑगुस्तो तुराती यांनी फुटबॉल व रग्बी या परकीय खेळांना पर्याय म्हणून ‘व्होलाता’ हा स्वदेशी खेळ रचला. थोड्याच वर्षांत तो लोपला. रग्बीचा खेळ मात्र व्हेनेतो प्रांतातील रोव्हिगो, पादोव्हा, त्रेव्हीझो या नगरांनी जिवापाड जपला. २००० साली सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत इटलीला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच सामन्यात स्कॉटलंड हरले. पुढे याच स्पर्धेत २०१५ पासून सलग ३६ पराभव पदरी आले. अखेर २०२२ साली कार्डिफ येथे वेल्सवर एका गुणाने विजय मिळाला. सत्तेचे पाठबळ लाभलेला खेळ विस्मृतीत गेला. लोकांनी आपला मानलेला खेळ इतके पराभव पचवूनही टिकला.