वऱ्हाडात काळ पडतो तेव्हा

आपल्या भाषेत वेळेला काळ म्हणतात, यमालाही काळ म्हणतात, आणि पाऊस दगा देऊन धान्य महागले की ‘काळ पडला’ असेही म्हणतात. एकाच शब्दात हे तीन अर्थ कोंबणाऱ्या पूर्वजांनी बरेच सोसले असावे. दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 पासून बारा वर्षे चालला, असे परंपरा सांगते. तेव्हापासून काळ फिरफिरून येतोच आहे. म्हणून लोक त्याला रहाटगाडग्याची उपमा देतात. मला ती पुरती पटत नाही. रहाटाची तीच गाडगी पुन्हा वर येतात. काळ मात्र दर खेपेस निराळ्या दाराने आत शिरतो, आणि पुष्कळदा ते दार मागल्या उपायानेच उघडे राहिलेले असते.

आमच्या पिंपळगाव राजाच्या उत्तरेकडे, तापीकाठी बऱ्हाणपूर आहे. 1630 साली शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तेथे तळ देऊन होता आणि त्याच सुमारास दख्खन व गुजरात कोरडी पडली. तुकोबांचे घर उद्ध्वस्त झाले ते याच दुष्काळात. बादशहाने लंगरखाने उघडले, दर सोमवारी बऱ्हाणपुरात 5000 रुपये वाटले. पण त्याच्या अफाट फौजेचे पोटही याच मुलखाने भरायचे होते! धान्य वाहायचे ते वंजाऱ्यांचे बैल. वाटेत चारापाणी नसले की बैल चालत नाही, आणि बैल चालला नाही की माळव्यातले धान्य माळव्यातच राहते. 1803 मध्येही तेच झाले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आडगाव, डिसेंबरात गाविलगड अशा लढाया झाल्या. फौजा मुलूख चरून गेल्या आणि मागे दुष्काळ ठेवून गेल्या.

यावरचा उपाय इंग्रजांनी केला असे वाटावे, अशी गोष्ट पुढे घडली. 1853 साली निजामाने वऱ्हाड त्यांच्या हवाली केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर पडली. 1867 पर्यंत रेल्वे नागपुरास पोचली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. आता धान्य कोठूनही कोठेही जाऊ शकत होते. बैलाची अडचण संपली.

परंतु त्याआधी शेतकरी करीत काय असे? सुगीची जास्तीची ज्वारी तो पेवात घाली. दूरच्या बाजारात नेणे परवडत नसे, म्हणून ती गावातच राही आणि वाईट वर्षी बाहेर निघे. रेल्वे आली तशी ज्वारी विकाऊ झाली. जमीन कपाशीकडे वळली. पेवाच्या जागी सावकाराची वही आली. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. मला त्यापुढे नेहमी दुसरी म्हण आठवते: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

1880 च्या दुष्काळ आयोगाने ओळखले होते की, माणसे मरतात ती धान्य नाही म्हणून तितकी नव्हेत, जितकी मजुरी थांबते म्हणून. ओळखले खरे! तरी 1896–97 चा दुष्काळ आला, आणि पाठोपाठ 1899–1900 चा, तो संवत 1956 वरून ‘छपन्नचा’. बाजारात धान्य रेल्वेने येत होते. विकत घेणाऱ्याच्या पदरात दमडी नव्हती. भुकेली माणसे खडी फोडायला बसली.

तो धडा गिरवायला पाऊणशे वर्षे लागली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम दिले. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे कामावर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी 1977 मध्ये कायदा झाली. सुकडी आणि लाल मिलो यांची चव सांगणारी मंडळी अजून आहेत. त्या दोन वर्षांत छपन्नसारखी माणसे मेली नाहीत, ही लहान गोष्ट नव्हे.

आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर ‘कारणे’ व ‘परिणाम’ असे दोन रकाने पाडतो. वऱ्हाडचा इतिहास शिकवताना ती मधली रेघ ओढवत नाही. 1972 नंतर विहिरी खणल्या, पंप बसले, मग बोअर आले. बियाणे, खते, औषधे सारे विकतचे झाले. धान्याची ददात मिटली, देणे वाढले. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ती द्यावी लागली, भूकबळींमुळे नव्हे.

आणि पाणी? बहात्तरी पाहिलेले लोक सांगतात की तेव्हा खायला नव्हते, पण विहीर थोडी खोल नेली की प्यायला मिळे. एप्रिल 2016 मध्ये लातुरात रेशनच्या दुकानी धान्य होते. पाणी मात्र मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. ज्या रुळांनी कापूस गेला, ज्वारी आली, त्याच जातीच्या रुळांवरून पाण्याची गाडी धावली. आमच्या भागात आज एकाचे बोअर आटले की शेजारी त्याहून खोल मारतो, आणि त्यासाठी काढलेले कर्ज वहीत चढते.