पाच हजार गाड्यांची अट आणि दुबईची रात्र

आज एका गाडीचा इतिहास ऐकू या. शेख झायेद रोडवर 'एम३' असा बिल्ला लावलेली बीएमडब्ल्यू शेजारून सुसाट गेली, की मागच्या सीटवरचं पोर हमखास ओरडतं. त्या बिल्ल्यामागे काय आहे, हे त्याला सांगता यावं म्हणून आजचा हा भाग.

१९८०च्या दशकात युरोपात टूरिंग कारच्या शर्यती रंगात आल्या होत्या. टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. त्यांच्या मुख्य वर्गाचं नाव 'ग्रुप ए'. त्याची अट कडक होती: बारा महिन्यांत त्या मॉडेलच्या किमान ५,००० गाड्या बनवा, मगच ट्रॅकवर या. समजा, आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत नियम असता, की वर्षभर नांगराला जुंपलेलेच बैल आणायचे. तसंच हे. शर्यतीपुरतं यंत्र गुपचूप बनवून आणायची सोय नव्हती.

बीएमडब्ल्यूने ही अट उलट्या बाजूने वाचली. शर्यतीला काय लागेल ते आधी ठरवलं आणि तेच रस्त्यावरच्या गाडीत बसवलं. इंजिनाचं काम पॉल रोशे यांच्याकडे होतं. सहा सिलिंडरचं दमदार इंजिन कंपनीकडे होतं. पण त्याचा क्रँकशाफ्ट लांब, फार वेगाने फिरवला की थरथरणार. म्हणून त्यांनी चार सिलिंडरचा ब्लॉक घेतला आणि सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड दोन सिलिंडरांइतकं कमी करून त्यावर चढवलं. पहिलं इंजिन दोन आठवड्यांत उभं राहिलं. २.३ लिटर, रस्त्यावर सुमारे २०० हॉर्सपॉवर, ट्रॅकवर सुमारे ३००.

बाहेरूनही तेच. बॉनेट, छत आणि दारं सोडली तर बहुतेक पत्रे नवे. मागच्या काचेचा उतार कमी केला, डिकी उंच केली. का, तर वारा नीट मागच्या पंखावर जावा आणि गाडी रस्त्याला चिकटून राहावी. डिकीचा आकार वाऱ्याने ठरवला, दिखाव्याने नाही.

ही गाडी म्हणजे पहिली एम३, ई३० पिढीची. १९८५मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दिसली आणि १९८७मध्ये पूर्ण ताकदीने ट्रॅकवर उतरली. त्याच वर्षी इटलीच्या रोबेर्तो रावालियाने तिच्यावर टूरिंग कारचं विश्वविजेतेपद मिळवलं. बेल्जियमच्या एरिक व्हान दे पूलने जर्मन टूरिंग कार स्पर्धा जिंकली, तीही वर्षभरात एकही शर्यत न जिंकता! सातत्याने गुण जमवत गेला आणि वर पोहोचला. परीक्षेच्या दिवसांत घरात सांगण्यासारखी गोष्ट आहे ही.

आता याची दुसरी बाजू. २००१मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकन ल मां मालिकेत ई४६ पिढीची एम३ जीटीआर उतरवली. ग्राहकाला मिळणाऱ्या एम३मध्ये सहा सिलिंडर, आणि या गाडीत चार लिटरचं व्ही८. गाडी जिंकत राहिली, तसे प्रश्नही उठले: ही शोरूममध्ये आहे कुठे? पुढच्या मोसमासाठी नियम आवळले गेले. १०० गाड्या आणि १,००० इंजिनं बनवा, असं सांगण्यात आलं. बीएमडब्ल्यूने माघार घेतली. कागदावर नियम मोडलेला नव्हता, पण पाच हजार ग्राहकांच्या जोरावर आलेल्या पहिल्या एम३चा मान या गाडीला मिळाला नाही. नियमाची अक्षरं पाळणं आणि त्यामागचा हेतू पाळणं, यात फरक असतो.

आणि आता आपली दुबई. १९८१च्या डिसेंबरमध्ये देरामध्ये हयात रीजन्सीजवळ तात्पुरत्या ट्रॅकवर इथे मोठ्या शर्यती झाल्या होत्या. कायमचा ट्रॅक मात्र २००४मध्ये आला: दुबई ऑटोड्रोम, एक फेरी सुमारे ५.४ किलोमीटरची. जानेवारी २००६मध्ये तिथे पहिली २४ तासांची शर्यत झाली आणि ती जिंकली ऑस्ट्रियाच्या डुलर मोटरस्पोर्ट या खासगी संघाच्या एम३ने. चालकांमध्ये टोटो वोल्फ होते, जे पुढे मर्सिडीझच्या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख झाले. आणि होते डीटर क्वेस्टर, वय वर्षं ६६!

जानेवारीत इथली रात्र तेरा तासांहून मोठी. ट्रॅकवर वाळू येते, टायर निसटतात, चालक आळीपाळीने बसतात. अशा रात्री नुसता वेग कामाचा नसतो. गाडी सकाळपर्यंत टिकावी लागते. २००७मध्येही डुलरचाच संघ जिंकला.

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं कुणी असेल, तर त्याचं वेगाचं वेड चुकीचं आहे असं म्हणू नका. त्याला मोटर सिटीत घेऊन जा, ऑटोड्रोमच्या कार्टिंग ट्रॅकवर हेल्मेट घालून बसवा. एम३चा जन्मच नियमातून झालाय, हेही सांगा. आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर रात्री दोन वाजता गाडी पळवणाऱ्याला ना नियम असतो, ना समोरून येणाऱ्याची फिकीर. आणि समोरून येणारी गाडी आपल्यापैकीच कुणाची तरी असते.

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू.