मायांचे पाणी आणि सर्जापूरची तळी

बहामा बेटांवरील ‘अटलांटिस’ या विश्रामस्थानी माया लोकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिराची एक प्रतिकृती उभारलेली आहे. तिच्या माथ्यावरून सुमारे ६० फूट घसरत खाली यावयाचे आणि शार्क माशांच्या तळ्यातून नेलेल्या पारदर्शक नळीतून बाहेर पडावयाचे, असा तेथला खेळ. बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावर उद्या असे उद्यान निघाले, तर तेथेही झुंबड उडेल. मुलांच्या आनंदाला नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र ज्या लोकांचे नाव या पाण्याला द्यावयाचे, त्यांच्या पदरी पाणी किती होते, हे पाहण्याजोगे आहे.

ग्वातेमालाच्या अरण्यातील टिकाल हे मायांचे एक थोर नगर. जवळ बारमाही नदी नाही, आणि वर्षातले कित्येक महिने पाऊस नाही. म्हणून त्यांनी चौक आणि अंगणे चुन्याने लिंपून त्यांना उतार दिला, आणि मंदिरांवर पडलेला पाऊस तळ्यांत वळविला. तेथील कोरिएन्ताल तळ्याच्या गाळात स्फटिकमय वाळू व झिओलाइट नावाचे खनिज सापडले. पाणी गाळण्यासाठी ते सुमारे ३० किलोमीटरांवरून आणीत, असे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. ही गाळणी दोन हजार वर्षांपूर्वीची! शासकीय सेवेतील माणसाला येथे एक वेगळाच प्रश्न पडतो. गाळ कोण उपसी, चुना पुन्हा कोण लिंपी? शिलालेखांत राज्यारोहणे आणि युद्धे कोरलेली आहेत. गाळ उपसणाऱ्यांची नावे तेथे शोधून सापडत नाहीत.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. राजवाडा व मंदिर यांच्यालगतच्या तळ्यांत पारा आणि विषारी शेवाळ यांचे अंश आढळले. भिंती आणि भांडी रंगविण्यासाठी मायांना हिंगुळाची मोठी आवड. त्यातला पारा पावसाबरोबर तळ्यात उतरला. म्हणजे शहराचे वैभवच त्याच्या पिण्याच्या पाण्यात झिरपले. पुढे नवव्या शतकात अवर्षणांची मालिका आली. टिकालच्या शेवटच्या कालांकित स्तंभावर इ. स. ८६९ हे वर्ष आहे. त्यानंतर हळूहळू नगर रानाच्या स्वाधीन झाले.

आता आपल्या दख्खनच्या पठारावर येऊ. बंगळूरलाही मोठी नदी नाही. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले हे नगर तळ्यांच्या साखळीवर जगले. वरचे तळे भरले की त्याचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात जाई. सर्जापूर रस्त्याच्या परिसरातले पाणी बेळ्ळंदूरच्या मोठ्या तळ्याकडे, तेथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळते. वस्ती वाढली, कालवे अरुंद झाले. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर सांडपाण्याचा फेस रस्त्यापर्यंत उडू लागला, आणि २०१७ व २०१८ मध्ये त्या तळ्याने पेटही घेतला. पाण्याला आग लागावी, ही गोष्ट माया पुरोहितांनाही अशुभ वाटली असती.

सप्टेंबर २०२२ मध्ये याच भागातील बंगल्यांत पाणी शिरले आणि रहिवाशांना ट्रॅक्टरांतून व होड्यांतून बाहेर काढावे लागले. दीड वर्षाच्या आत, मार्च २०२४ मध्ये, विहिरी आटल्या. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मोटारी धुणे, बागा, कारंजी आणि करमणूक यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला. पोहण्याच्या तलावांवरही बंधन आले. पूर आणि टंचाई या दोन तक्रारी एकाच मोहल्ल्यातून आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सर्जापूर रस्त्याला लागूनच कैकोंडरहळ्ळीचे तळे आहे. तेही सांडपाण्याने व कचऱ्याने मरणपंथाला लागले होते. २००९ पासून आसपासच्या रहिवाशांनी महानगरपालिकेच्या पाठीस लागून ते उपसून घेतले, बांध सावरला, काठाने पायवाट केली. आज तेथे बगळे उतरतात आणि संध्याकाळी मुले काठाकाठाने धावतात.