मुंबईच्या बाईसाहेबांचा वाडा

मुंबईच्या टाऊन हॉलच्या पाठीमागे नौदलाचा तळ आहे. त्यास दर्यावर्दी कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. पोर्तुगीज अमदानीत या जागी एक दगडी वाडा उभा होता. त्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

१५५४ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने दिले. वाडा त्यानेच बांधला असे मानतात. तो राहत असे गोव्यास. १५६३ साली तेथे छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात त्याने मुंबईतील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या आंब्याचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. ओर्ता बाप्तिस्मा झालेला, परंतु ज्यू वंशातला. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी धर्मन्यायासनाच्या निकालाने त्याच्या बहिणीस जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून अग्नीत टाकली गेली. हे आपल्याच घरात घडले. लिहिताना लेखणी अडखळते, पण वगळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१६२६ साली इंग्रज व डच आरमारांनी वाडा जाळला. तेव्हा वखार, मठ आणि गढी असे तिन्ही तोच होता. तो पुन्हा वापरात आला.

१६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे जावयाची ठरली. व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो यांनी शक्य तितकी टाळाटाळ केली. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी दोना इग्नेस द मिरांदा या विधवा मालकिणीच्या याच वाड्यात ताबेपत्रावर सह्या झाल्या. हम्फ्री कुक याने बेटाची माती व दगड हाती घेतले, आणि बेट इंग्रजांचे झाले!

रहिवाशांना कॅथलिक धर्माचरणाची मुभा तहातच मिळाली होती. हस्तांतराच्या अटींत बाईसाहेबांचीही काळजी घेतलेली दिसते: त्या कुलीन स्त्री, म्हणून त्यांच्या हयातीत त्यांची मिळकत मर्जीविरुद्ध घेऊ नये, पुढे वारसांकडून घेतल्यास रास्त मोल द्यावे.

त्याच अटींत आणखी एक कलम आहे. शेजारच्या पोर्तुगीज मुलखातील, म्हणजे साष्टी-वसईकडील गावांतले कुणबी, भंडारी व मजूर मुंबईत पळून आले, तर त्यांना ठेवून घेऊ नये, त्यांच्या धन्यांच्या हवाली करावे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या कागदात आहेत ते असे, नावावाचून.